मामाजींचं सहा ते दहा

संध्याकाळी सहा ते दहा या वेळात माझ्या सासऱ्यांनी कधी कोणा माणसावर प्रेम केलं असेल, असं मला वाटत नाही. एरवी गृहस्थ लोण्याहून मऊ. पण दिवेलागण झाली की बायको, मुली, जावई, पाहुणे हे सगळे त्यांच्या लेखी एकच, विजेवरचा भार. ऐंशीनंतरची ती वर्षं. धानोऱ्याच्या अलीकडे, जंगलाला लागून असलेल्या एका गावी ते सबस्टेशनात ऑपरेटर होते. आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात, तेव्हा मीही इथे मामाजीच म्हणणार.

मी वरोऱ्याच्या शाळेत मास्तर. मुलगी पाहायला गेलो तेव्हा पगार, शेती, भाऊबंद यांतलं त्यांनी काहीच विचारलं नाही. चहा झाल्यावर खुर्ची जवळ ओढून म्हणाले, "तुमी इस्त्री किती वाजता करता जी?" मी बापडा खरं बोललो, म्हटलं संध्याकाळी, शाळेतून आल्यावर. त्यांचा चेहरा असा काही पडला की माझी सख्खी आई माझ्याकडे संशयाने बघायला लागली. पोरगा सुधारेल, अशी हमी मध्यस्थाने घेतली म्हणून लग्न जमलं. तेव्हापासून मी सकाळी सहाला इस्त्री करतो, थंडीतसुद्धा.

हा काय प्रकार आहे याचं मला मोठं कुतूहल. एकदा विचारलंच. ते म्हणाले, धान कोठीत ठेवता येतं, तलावातली मासळी वाळवून ठेवता येते, वीज ठेवता येत नाही. इथे जेवढी लागेल तेवढी तिथे त्याच घटकेला बनायला हवी. संध्याकाळी सगळा मुलूख एकदम बटणं दाबतो आणि बनवणाऱ्यांचा दम निघतो. मग वरच्या ऑफिसातून फोन येतो की भार कमी करा, आणि ऑपरेटरने कोणाची तरी लाइन तोडायची. कोळसा आमच्या बाजूचा, वीज आमच्या बाजूला बनायची आणि अंधारही आमच्याच वाट्याला यायचा. मामाजींना मात्र याचा राग नव्हता, फक्त काळजी होती. रोज साडेपाचला सायकलवर गावातून फेरी. अमकीला सांग, पाण्याची मोटर सकाळी लाव. तमक्याला सांग, वेल्डिंग दुपारीच उरक. बोर्डावरचा काटा नुसता हलला तरी मिरची कांडायची चक्की सुरू झाली की पिठाची, हे ते बसल्या जागी सांगत. ट्रान्सफॉर्मरचा आवाज जाड झाला की बोलता बोलता बोट वर करून गप्प होत, आणि समोरच्यानेही गप्प बसायचं असा शिरस्ता होता. सासूबाई म्हणत, "मी सात जन्म आजारी पडली तरी माहा आवाज ह्यायले असा आयकू येनार नाई."

एका मार्चमध्ये मामाजींच्या मोहल्ल्यातल्या सात मुली एकदम दहावीला बसल्या. त्याआधी मोहल्ल्यातली एकही मुलगी तिथवर पोचली नव्हती. माझी बायकोच आठवीत थांबली होती. सातांत माझी धाकटी मेहुणी, म्हणून गणित पक्कं करून घ्यायला मी रजा टाकून सासरी गेलेलो. सबस्टेशनातून दोन लाइनी निघायच्या, एक गावाची, दुसरी भाताच्या तीन गिरण्यांची. परीक्षेपुरता गावात अंधार होऊ द्यायचा नाही, असं मामाजींनी मनात घेतलं. तिन्ही गिरणीवाल्यांचे पाय धरले. सहा ते दहा गिरण्या बंद ठेवा, वाचलेली वीज पोरींच्या अभ्यासाला. शेठ लोकही चांगले, कबूल झाले.

पहिल्या संध्याकाळी गिरण्या चिडीचूप. मामाजी केस विंचरून फोनजवळ बसले. फोन आला, भार कमी करा. मामाजींनी अभिमानाने सांगितलं की साहेब, आमचा सहापासून कमीच आहे. पलीकडून उत्तर आलं की आधीचं सांगू नका, आत्ता माझ्या फोननंतर किती कमी केला ते बोला. आता तोडायला उरलं होतं काय? फक्त गाव. हुकूम तो हुकूम. मामाजींनी स्वतःच्या हाताने गावाची लाइन तोडली. दुसऱ्या दिवशी बीजगणिताचा पेपर, आणि रेशनवर त्या महिन्यात घासलेट आलेलं नव्हतं. दहाला ते घरी आले तेव्हा मेहुणी पुस्तक मांडीवर घेऊन ओट्यावर बसली होती. एवढंच म्हणाली, "बाबा, तुमी असून?"

ते जेवले नाहीत. दुसऱ्या दुपारी तिन्ही गिरण्यांवर गेले आणि मोठ्या गिरणीच्या शेठला म्हणाले, "आज सहाले सगळ्या मोटरी चालू करा. रिकाम्या." शेठला वाटलं, ऑपरेटरभाऊंना ऊन लागलं. पण सहाला तिन्ही गिरण्या धान नसताना धडधडू लागल्या, काटा चढला. फोन आला. मामाजींनी गिरण्यांची लाइन तोडली, वर कळवलं, आणि गावातला एकही दिवा हलला नाही. पलीकडचे साहेब म्हणाले, शाब्बास. परीक्षा संपेपर्यंत रोज हेच चाललं. जो माणूस जावयाला इस्त्रीवरून नापास करत होता, तो रोज संध्याकाळी वीज फुकट फिरवत होता. मोटरी धडधडू लागल्या की दारात उभे राहून ऐकत आणि फोनची वाट बघत. मला म्हणाले, "जवाईबापू, खरं केलं तं अंधार भेटला, लबाडी केली तं शाब्बासकी भेटून राह्यली."

सातांपैकी पाच पास झाल्या. मेहुणी गडचिरोलीला नर्स झाली. वर्षाअखेरीस मामाजींच्या तत्परतेबद्दल वरून कौतुकाचं पत्र आलं. ते त्यांनी सासूबाईंनाही वाचून दाखवलं नाही.

मग पुष्कळ वर्षं गेली. मामाजी रिटायर झाले, लकव्याने एक बाजू गेली. आता लाइनी कुठून कोण तोडतं ते गावात कोणाला माहीत नसतं. एकदा बिलासोबत छापील कागद आला, की संध्याकाळच्या वेळी जे गिरण्या-कारखाने वीज कमी वापरतील त्यांना दरात सूट मिळेल. मी तो त्यांना वाचून दाखवला. त्यांनी पुन्हा वाचायला लावला. मग बऱ्या हाताने माझं मनगट धरलं.

"मंग त्या पयल्या दिवशी मी चुकलो नव्हतो ना जी?"

मी म्हटलं, नाही मामाजी, तुम्ही बरोबर होता. त्यांनी डोळे मिटले आणि कागद छातीवर ठेवला. एवढी वर्षं ते स्वतःला त्या एका संध्याकाळचे गुन्हेगार समजत होते, आणि मी, सगळं डोळ्यांनी पाहिलेला माणूस, त्यांना हे दोन शब्द कधी बोललो नव्हतो.