एक ताट, एक गडवा

आमचं वर्ध्याला भांड्यांचं दुकान आहे. आणि माझ्या नवऱ्याचा आवडता सिनेमा कोणता, तर एका ताटावर आणि एका गडव्यावर सुखानं संसार करणाऱ्या म्हाताऱ्याचा! त्यापायी आमच्या घरातला पसारा कमी झाला, हे मी कबूल करते. पण परवा आंजी गावचा एक शेतकरी लेकीच्या आंदणाची भांडी न्यायला आला. दोन दिवस मान मोडून मी मशीननं ताटापासून परातीपर्यंत सगळ्यांवर नवरीचं नाव टाकलं होतं. मी भांडी बांधायला घेतली, तर ह्यांनी सिनेमा सांगायला घेतला. "भाऊ, येवढ्या भांड्याचं काय करता? सुखाले एक ताट अन् एक गडवा पुरते."

त्या बापाचे डोळे भरून आले. "खरं बोलले तुमी," म्हणाला, आणि एक ताट, एक गडवा घेऊन चालता झाला.

नाव टाकलेली भांडी दुसरं कोण घेणार? सगळी घरी आणावी लागली. आता माझ्या स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा नाही. काल हे दारातच थबकले आणि मलाच म्हणाले, "येवढा पसारा काऊन करून ठेवला वं?"