टेबलाबाहेरचा ढिगारा

ऑफिसात तिला सगळे हिरवळबाई म्हणत. चित्रकलेची पदवी घेताना आपण पुढे काय काय रंगवणार याची तिने बरीच स्वप्नं पाहिली असतील. प्रत्यक्षात नोकरी मिळाली ती स्पंज रंगवायची. भांडी घासायचा साधा स्पंज आणायचा, चिमटीएवढे तुकडे तोडायचे, हिरव्या रंगात बुडवून खिडकीत वाळत घालायचे आणि वाळले की टाचणीवर टोचून मॉडेलवर, म्हणजे जागेच्या छोट्या प्रतिकृतीवर, रोवायचे. झालं झाड. पाणी नको, खत नको, आणि साहेबांच्या मनात आलं तर उपटून पलीकडे लावता येतं.

ऑफिस होतं बंद पडलेल्या कोळशाच्या खाणीची सफाई आणि पुनर्विकास करण्यासाठी. कोळसा संपल्यावर कंपनीने हात झटकले आणि मागे एक भलंमोठं भगदाड, गंजलेली यंत्रं आणि दगडमातीचे काळे ढिगारे ठेवून ती निघून गेली. ते निस्तरायला प्रत्यक्ष जागेवर अजून कुणी फावडं नेलं नव्हतं, पण मॉडेलवर कामाचा धडाका होता. दर बैठकीला खाण थोडी आणखी स्वच्छ व्हायची. भगदाडाचं तळं झालं. मग तळ्यात होडी आली. मग प्रकल्पाचे सल्लागार म्हणाले, होडीत माणसं हवीत, सुखी दिसणारी. तांदळाएवढ्या माणसाला सुखी कसं दाखवायचं हे काही त्यांनी सांगितलं नाही. हिरवळबाईने सगळ्यांना पिवळे शर्ट घातले. सल्लागारांचं समाधान झालं.

हे मॉडेल मांडलं होतं खाणीच्या जुन्या मॅनेजरच्या जेवणाच्या टेबलावर. टेबल ऐसपैस होतं, पण खाण त्याहून ऐसपैस निघाली. सुरुवातीलाच हिरवळबाई म्हणाली होती, "साहेब, सगळंच जरा लहान करू या, म्हणजे मावेल."

"आणि होडी? होडी दिसायची नाही मग!"

होडीसाठी खाण कापली गेली. टेबल संपलं तिथे खाणही संपली. एवढ्यावर भागलं असतं, पण मॉडेल वरच्या लोकांना इतकं आवडलं की नवे नकाशे त्यावरूनच काढले गेले आणि कामं त्या नकाशांवरून ठरली. टेबलाची कड ही प्रकल्पाची हद्द झाली. आतलं सगळं साफ होणार होतं, बाहेरचं कुणाचंच नव्हतं. सगळ्यात उंच ढिगारा आणि त्याच्या पायथ्याची शाळा अशी दोन्ही टेबलावरून खाली पडली, आणि कुणाला आवाजसुद्धा आला नाही.

त्या शाळेत हिरवळबाईची मुलगी होती. उंच होती म्हणून मागच्या बाकावर.

"आई, आमच्या वर्गाच्या भिंतीला पोट आलंय," मुलगी जेवताजेवता म्हणाली.

"म्हणजे काय गं?"

"फुगलीये. आमच्या बाई म्हणतात, टेकून बसू नका."

सकाळी हिरवळबाई मुलीबरोबरच शाळेत गेली. ढिगारा घसरत घसरत मागच्या भिंतीला येऊन टेकला होता, आणि भिंत खरोखरच आत फुगली होती. मुख्याध्यापिका मात्र हातावर हात ठेवून बसल्या नव्हत्या. त्यांनी फुगवट्यावर एक मोठं सूर्यफूल रंगवून घेतलं होतं.

"आता बरं दिसतं ना?" त्या म्हणाल्या.

"बाई, पण वर्ग दुसरीकडे हलवा ना!"

"कुठे हलवू, सांगा. तुमच्याच ऑफिसला विचारलं तर म्हणतात, ही जागा हद्दीत येत नाही."

तिने मुलीला सर्दीचं निमित्त करून दोन दिवस घरी ठेवलं. पण ना मुलीला शिंक आली ना आईच्या जिवाला स्वस्थता. बाकीची पोरं त्या सूर्यफुलासमोर बसलेलीच होती.

नवरा पूर्वी खाणीत पंप चालवायचा, आता घरात तोंड चालवायचा. "अगं, तुझ्या तळ्यात होडी आहे ना? तीतून पाठव की पोरीला शाळेत. पिवळा शर्ट घाल म्हणजे झालं."

"तुम्हाला थट्टा सुचते!"

"मग काय करू? मी टेबलाबाहेर राहतो बाई. तू आहेस टेबलावरची. तू बोल."

ती बोलली. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं, ऐकताना तळ्याकाठचं एक झाड उपटून बाकाजवळ लावलं.

"हिरवळबाई, तुमची तळमळ कळते मला. पण तो ढिगारा टेबलावर नाहीये."

"टेबल वाढवू या ना साहेब."

"टेबल वाढवायचं म्हणजे हद्द वाढवायची. तिला वरून मंजुरी लागते."

"आणि ढिगारा दिसला की बघणाऱ्याचं मन खिन्न होतं," सल्लागारांनी पुस्ती जोडली.

हिरवळबाईने मान डोलावली. आजवर तिने साहेबांच्या प्रत्येक वाक्याला मान डोलावली होती, त्यामुळे या वेळची मान वेगळी आहे हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

मॉडेल पाहायला वरचे मोठे साहेब येणार होते त्या सकाळी ती सगळ्यांच्या आधी ऑफिसात आली. शिपाईमामांचं स्टूल तिने उचललं आणि टेबलाच्या कडेला चिकटवून ठेवलं. पिशवीतून खऱ्या ढिगाऱ्याचीच काळी माती आणली होती, ती ओतून मापात ढिगारा केला. पायथ्याशी पुठ्ठ्याची शाळा ठेवली. मागच्या भिंतीवर ठिपक्याएवढं सूर्यफूलही काढलं.

"बाई, माझं स्टूल!" शिपाईमामा कळवळले.

"मामा, आजचा दिवस उभे राहा ना. पोरीसाठी."

"तुमची पोर शाळेत आणि मी शिक्षा म्हणून उभा," मामा पुटपुटले. पण उभे राहिले.

साहेबांना स्टूल दिसलं तेव्हा मोठे साहेब दारात आले होते. आता डोळे वटारण्यापलीकडे काही करता येत नव्हतं. मोठ्या साहेबांनी तळं पाहिलं, होडी पाहिली, "वा!" म्हणत वळले, आणि त्यांचं कोपर ढिगाऱ्याला लागलं. ढिगारा ढासळला. काळी माती सरकन खाली आली, पुठ्ठ्याची भिंत आडवी झाली आणि शाळा दिसेनाशी झाली.

मोठे साहेब बाही झटकत ओरडले, "काय आहे हे?"

"शाळा होती साहेब," हिरवळबाई म्हणाली. "वर्ग भरलेला असतो या वेळी. माझी मुलगी मागच्या बाकावर बसते."

मोठे साहेब मातीकडे बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, "खरा ढिगारा एवढाच जवळ आहे?"

"भिंतीला टेकलाय."

त्यांनी साहेबांकडे पाहिलं. आणि इथे साहेब इतकी वर्षं खुर्चीवर का टिकून आहेत ते सगळ्यांना दिसलं. डोळ्याचं पातं लवायच्या आत ते म्हणाले, "सर, हाच तर आपला पहिला टप्पा! म्हणून मुद्दाम वेगळा मांडलाय."

सल्लागारांनी लगेच मान हलवली. हे असं मांडायचं आपणच सुचवलं होतं, हेही त्यांना आठवलं.

वरून हुकूम आला आणि दुसऱ्या दिवशी वर्ग पुढच्या व्हरांड्यात हलला. त्याच आठवड्यात यंत्रं आली आणि वरून ढिगारा कापायला लागली. भिंत पाडली तेव्हा मुख्याध्यापिकांना सूर्यफुलाचं फार वाईट वाटलं. मुलगी व्हरांड्यातही मागेच बसते, पण तिच्या मागे आता मोकळी हवा आहे. तिची तक्रार एवढीच, की यंत्रांच्या आवाजात बाईंचं काही ऐकू येत नाही. हे वाक्य हिरवळबाई रोज तिच्याकडून मुद्दाम दोनदा म्हणवून घेते.

स्टूल आता प्रकल्पाच्या हद्दीत असल्यामुळे शिपाईमामांना परत मिळालं नाही. मामा अजून उभेच आहेत.

आणि टेबलाच्या दुसऱ्या कडेबाहेर वस्ती आहे. हिरवळबाई हल्ली त्या बाजूला जरा जास्तच रेंगाळते. म्हणून ऑफिसात कुठलंही स्टूल मोकळं दिसलं, की साहेब ते स्वतःच्या हाताने उचलून कपाटात कुलूपबंद करतात.