हात कुणाचा गेला?

कारखान्यात सगळे पाठीमागे तिला ‘भट्टी’ म्हणायचे, आणि ते तिला ठाऊक होतं. म्हणोत बापडे. पस्तीस वर्षं चाकावर चिनी मातीच्या फुलदाण्या घडवणारी बाई थंड डोक्याची कशी राहील? ही माती भलती नखरेल. पाणी जरा जास्त झालं की बसकण मारते, कमी पडलं की चिरते. दिवसभर तिची मनधरणी केल्यावर माणसांच्या वाट्याला राग सोडून उरणार काय?

पण त्या दिवशीचा राग वेगळा होता. भट्टी उघडली आणि सात उंच फुलदाण्यांपैकी तीन मानेपाशी कललेल्या निघाल्या. कारखाना वडिलांनंतर धाकट्या भावाकडे आलेला. त्यानं सगळ्या कामगारांसमोर सांगून टाकलं की ताईचा हात गेला आता. पुढच्या महिन्यापासून फुलदाण्या साच्यातून काढू, ताई झिलई लावायला बसेल, आणि चाक मोडीत. तिला विचारायची गरजच काय, नाही का!

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. याला धड नाक पुसता येत नव्हतं तेव्हा हिनंच याला चाकावर बसवलं होतं. दोन महिन्यांत पाठ दुखते म्हणून उठला, तो कायमचा. आणि हा म्हणे तिचा हात गेला! घरी जाऊन तिनं पातेली आपटली, नवऱ्यावर डाफरली. तो बिचारा कशाबद्दल हेही न विचारता ‘चुकलं माझं’ म्हणून मोकळा झाला. मग तिनं दोन्ही हात समोर धरून पाहिले. बोटं जराही कापत नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिनं भावाला सांगितलं की शेवटच्या चार घडवते, मग चाक खुशाल मोडीत घाल. तीन फुलदाण्या तिनं स्वतः उचलून वाळवायच्या फळीवर नेऊन ठेवल्या. चौथी मात्र भावाला न्यायला सांगितली. एरवीही घाई असली की तोच न्यायचा, मागच्या खेपेलाही काही त्यानंच नेल्या होत्या. त्यानं फोन खांद्यात धरला, बोलत बोलत फुलदाणी उचलली, आणि मान फळीच्या कडेला लागून वाकली. त्यानं तळव्यानं हळूच दाबून ती सरळ केली, इकडेतिकडे पाहिलं आणि पुन्हा फोनवर बोलू लागला.

तिनं सगळं पाहिलं. जन्मात कधी गप्प न बसलेली ती बाई त्या वेळी मात्र गप्प बसली. 

कारण चिनी माती ओली असताना एकदा वाकली की कितीही सरळ करा, वरून ठीकठाक दिसेल. पण भट्टीत तापली की वाकली होती तशीच पुन्हा वाकते. वडिलांनी दोघांनाही पहिल्याच दिवशी हे सांगितलं होतं. वाकली तर सरळ करायची नाही, मोडून पुन्हा मळायची. भाऊ ते साफ विसरला होता.

दहा दिवसांनी भट्टी उघडली. तिनं सगळ्या कामगारांना हाक मारली आणि चारही फुलदाण्या टेबलावर ओळीनं मांडल्या. तीन ताठ उभ्या होत्या. चौथीची मान कलली होती.

‘‘ही फळीवर कुणी नेली होती?’’ तिनं विचारलं.

 झिलईवाला भावाकडे बघत राहिला. भाऊ लालबुंद झाला. फुलदाणीकडे बघता बघता त्याला वडिलांचं सांगणं आठवलं असावं. मग तो खालच्या आवाजात म्हणाला, ‘‘चुकलं, ताई. चाक मोडीत घालत नाही. तूही आता ते सगळं विसरून जा.’’

तिनं चौथी फुलदाणी उचलून त्याच्या हातात दिली.

‘‘आधी हिला विसरायला सांग,’’ ती म्हणाली, आणि चाकावर जाऊन बसली.