काट्याचा पोर्ट कुणी चालू केला?

आधीच सांगतो, मी देव-भूत काही मानत नाही. अमावस्येला लिंबू-मिरची बांधणाऱ्यांची मी आजही टिंगल करतो. तेव्हा 'भास झाला असेल' असं मला लिहू नका... मी स्वतःलाच वीस वर्षं ते सांगून बघितलंय, पटत नाही.

दोन हजार सालानंतरचा एक हंगाम. चौसाळ्याहून मी रोज मोटारसायकलवर एका साखर कारखान्यात जायचो. कॉम्प्युटर विभागात आम्ही दोघंच. मी चार महिन्यांपूर्वी लागलेला आणि स्वामी अण्णा रिटायरमेंटला आलेले. मोठ्या साहेबांनी त्यांना वर्षाची मुदतवाढ तोंडी कबूल केली होती. धाकट्या लेकीचं लग्न राहिलं होतं, अण्णा त्याच आशेवर होते.

ऊस तोलायचा काटा एका स्विचमधून ऑफिसला जोडलेला. स्विच म्हणजे सगळ्या केबली जिथं येऊन जुळतात तो डबा. त्याची सेटिंग ब्राउझरमध्ये पान उघडून करायची, आणि ते पान जावाच्या जुन्या प्लग-इनवरच, म्हणजे ब्राउझरला जोडलेल्या छोट्या प्रोग्रॅमवरच, उघडायचं. अण्णांनी मॉनिटरला चिठ्ठीच चिकटवलेली — 'व्हर्जन बदलू नये.' मला त्या चिठ्ठीचा राग यायचा. अण्णा तर त्यांच्या पहिल्या, मेलेल्या कॉम्प्युटरलाही खंडेनवमीला भस्म लावून झेंडू वाहायचे. आतली हार्डडिस्क काढलेली, वायर एक नाही, नुसतं खोकं.

"अण्णा, भंगारात द्या की हे."

"कावून? त्यानं भाकर दिलीया मला."

एका संध्याकाळी अण्णा घरी गेल्यावर मी शहाणपणा केला. जुनं प्लग-इन काढलं, नवीन टाकलं.

दुसऱ्या दिवशी अण्णा रजेवर, लेकीसाठी स्थळ बघायला वडवणीला. सकाळी लाईट तीनदा गेली-आली आणि काट्याचा पोर्ट, म्हणजे स्विचमध्ये त्याची केबल लागते ती जागा, बंद पडला. स्विच बंद-चालू केला, उपयोग नाही. पान उघडायला गेलो तर नुसता करडा चौकोन. जुन्या प्लग-इनची सीडी अण्णांच्या कपाटात, किल्ली अण्णांच्या करगोट्याला, इंटरनेटची लाईन मेलेली. बाहेर उसाच्या बैलगाड्या फाटकापर्यंत लागलेल्या, बैल उन्हात उभे, तोडणीवाले शिव्या घालायला लागलेले.

मोठे साहेब आत आले. "कुणी हात लावला बे याला?"

"अण्णांनी काल कायतरी बदललं, साहेब," मी बोलून गेलो. काही विचार नाही, नुसती भीती.

"मग यांना मुदतवाढ द्यायची तरी कशाला?" म्हणाले आणि गेले.

मला एका जागी बसवेना. व्हरांड्यात जायचं, आत यायचं, परत तोच चौकोन बघायचा. पावणेबाराला काट्यावर वजनं घेणाऱ्या बाबुरावचा फोन आला.

"चालू झालं बघा. काय केलं वो?"

मी काहीच केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अण्णा आले. चौकोन बघितला, माझ्याकडं बघितलं, कपाटातली सीडी काढली आणि जुनं प्लग-इन टाकलं. पान उघडलं. स्विचमध्ये प्रत्येक फेरबदलाची नोंद राहते. नोंद होती — अकरा बेचाळीस, काट्याचा पोर्ट चालू, लॉगिन अण्णांचं, कॉम्प्युटर नंबर अकरा.

अकरा म्हणजे ते खोकं. तो नंबर अण्णांनी परत कुणालाच दिला नव्हता. मी वळून बघितलं. भस्माचे तीन पट्टे जसेच्या तसे, मागं कोळ्याचं जाळं. आणि त्या वेळेला अण्णा वडवणीत पाहुण्यांपुढं पोहे खात बसलेले.

"लई जुनं हाय ते," अण्णा हळूच म्हणाले. एवढंच.

तेवढ्यात साहेब दारात. "स्वामी, परवा यात कायतरी बदललं ते तुम्हीच का?"

अण्णांनी परत माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली.

"व्हय साहेब. माझ्याच हातनं झालं."

मुदतवाढ मिळाली नाही. महिनाअखेरीला अण्णा ते खोकं पोत्यात घालून घरी निघाले. पोतं एसटीत मीच चढवलं. गाडी सुटेपर्यंत पाच मिनिटं होती, तेवढ्यात तरी तोंड उघडायचं... न्हाई उघडलं.

अकरा नंबरवर माहीतगार लोकांनी मला बरीच कारणं सांगितली, एकही बसत नाही. ते मी सोडून दिलंय. पण अण्णांना सगळं कळलं होतं, मग ते 'व्हय' कावून म्हणाले, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.