शिंगरू तोडण्याची रीत

घोड्यांविषयी लिहिण्याचा अधिकार माझा नाही, माझ्या थोरल्या भावाचा आहे. त्याला लिहिता येत नाही म्हणून मी लिहितो आहे. मला तरी कुठे येते? शाळेत आणि कॉलेजात निबंध लिहिले, तेही गुरुजींनी दिलेल्या विषयांवर. आमच्या घराण्यात पुस्तक हाती धरणारा मी पहिलाच, त्यामुळे कोणती गोष्ट लिहिण्याजोगी आणि कोणती घरात ठेवण्याजोगी, हे सांगणारे मागे कोणी नाही. चुकले तर वाचकांनी क्षमा करावी, आणि कंटाळा आला तर पान उलटावे.

आम्ही मूळचे देशावरचे. वडील मोतद्दारीच्या, म्हणजे घोडे राखण्याच्या, कामाला ठाण्याला आले आणि माजिवड्याच्या एका जमीनदारांच्या तबेल्यात राहिले. वडिलांमागे ते काम दादाकडे आले. मालकांची भातशेती होती, खाडीला मिठागरे होती, आणि आग्रा रस्त्यावर त्यांचे टांगे चालत. तबेल्याच्या पाठीमागे आमचे कुडाचे घर. घरात आई, दादा, वहिनी आणि त्यांची रांगूही न लागलेली मुलगी. मी मुंबईला शिकत होतो आणि सुटीला घरी येत असे. माझी फी मालक भरत. ते स्वतः हे कधी बोलून दाखवत नसत, पण गावात सगळ्यांना ठाऊक होते.

मालकांच्या टांग्यांना बहुतेक घोड्याच जुंपलेल्या असत. घोडी व्याली की थोड्याच दिवसांत ती पुन्हा रस्त्याला लागे, आणि शिंगरू तिच्या बगलेला दोरीने बांधलेले टांग्याबरोबर धावे. ते चाकात येई, मध्येच थांबून आईच्या कासेत तोंड घालू पाही, आणि मग उतारू कुरकुरत. म्हणून पाच-सहा महिन्यांचे झाले की त्याला अंगावरून तोडत.

तोडण्याची रीत अशी. घोडीला अगाडी-पिछाडी घालून जखडायचे. शिंगराच्या डोक्यावर गोणपाट टाकून त्याला ओढत गवताच्या कोठीत न्यायचे आणि दार लावायचे. घोडी किंचाळे, शिंगरू आतून भिंतीवर टाचा मारी. दोन-चार दिवसांनी आवाज बसला की काम झाले असे समजत. एखाद्या घोडीचा शिंगरावर फारच जीव असला तर दुसरा उपाय होता. बाभळीचे काटे बाहेर काढून मुसके विणायचे, ते शिंगराच्या तोंडाला बांधायचे आणि त्याला आईजवळ मोकळे सोडायचे. भुकेले शिंगरू कासेला तोंड लावी, काटे टोचत, आणि घोडी आपल्याच लेकराला लाथ मारी. तीन-चार लाथा बसल्या की ते जवळ जाईनासे होई. मालकांना हाच उपाय जास्त पसंत होता, कारण त्याला माणूस लागत नसे. ओटीवर पान खात बसल्या बसल्या ते म्हणत, "आईच करते सगळं. आपण नुसतं बघायचं."

आदल्या वर्षीच्या शिंगराचा जबडा अशा लाथेने फुटला. त्याला काही चावता येईना, तेव्हा त्याला खाडीकडे नेले. घोडी दाणा सोडून बसली आणि पुढे बरेच दिवस टांग्याला बिनकामाची झाली. मालकांना हळहळ वाटली ती याची.

मुंबईत माझ्या खोलीच्या खिडकीतून एका अरबी व्यापाऱ्याचा तबेला दिसे. तिथे घोडी आणि शिंगरू यांच्यामध्ये आडव्या बांबूंची एक भिंत घातलेली होती. दोघांना एकमेकांचे तोंड लागे, वास येई, पण कास लागत नसे. शिंगरू अधूनमधून खिंकाळे आणि मग गवत खाई. किंचाळणे मी तिथे ऐकले नाही. सुटीला आलो तेव्हा हे दादाला सांगितले. तो खरारा करत होता, हात न थांबवता म्हणाला, "मालकांना सांग. माझं ऐकत नाहीत, तुझं ऐकतील. तू त्यांचा खर्चाचा घोडा आहेस."

दोन दिवस मी ओटीपर्यंत जाऊन परत आलो. तिसऱ्या दिवशी मालकांनीच हाक मारली आणि कशाला घुटमळतोस म्हणून विचारले. मी अडखळत सांगितले. ते हसले, कॉलेजात आता घोडी वाढवायला शिकवतात का म्हणाले, पण गेल्या सालचे नुकसान त्यांच्या ध्यानात होते. "घाल कूड," ते म्हणाले. "बिघडलं तर मुसकं आहेच."

दादाने आणि मी मालकांच्या वाड्याच्या मागच्या अंगणात, तबेल्याच्या बाजूला, बांबू आणि कारवीचा कूड घातला. बांबूंत फटी एवढ्याच ठेवल्या की नाक जाईल, मान जाणार नाही. शिंगराला आधीच थोडी थोडी चंदी खायला लावली. त्याच्या बाजूला एक म्हातारी भाकड घोडी सोडली, सोबतीला. घोडीचा दाणा कमी केला, म्हणजे दूध आटावे. पहिला दिवस वाईट गेला. घोडी कुडाला छाती लावून येरझारा घाली, शिंगरू फटीतून जीभ काढी. पण कोणी किंचाळले नाही. दुसऱ्या दिवशी ती दोघे नाकाला नाक लावून उभी राहिली. मग शिंगरू म्हाताऱ्या घोडीच्या मागे मागे चरू लागले. घोडी टांग्याला गेली तेव्हा त्याने मान वर करून पाहिले आणि पुन्हा खाली घातली. मालक येईल त्या पाहुण्याला कूड दाखवत. "आमच्या कॉलेजवाल्याची युक्ती," असे म्हणत. मला संकोच वाटे, आणि आनंदही होई.

याच दिवसांत मालकांची सून बाळंत झाली. मुलगा झाला, पण ती तापाने गेली. तेराव्याच्या आतच बाईंनी, म्हणजे मालकांच्या पत्नींनी, आमच्या वहिनीला बोलावून घेतले. वहिनीच्या अंगावर दूध होते. नाही म्हणण्याचा प्रश्नच नव्हता. तिने वाड्यातच राहायचे, मुलाला पाजायचे, तूप-खीर-हळीव खायचे, आणि घरी यायचे नाही असे ठरले. घरी गेली तर पोरीला पाजेल आणि आमच्या बाळाला कमी पडेल, असे बाई म्हणाल्या. वहिनीने मुलीला बरोबर आणू का म्हणून विचारले. त्यालाही तेच उत्तर मिळाले.

म्हणजे आमची मुलगी एका सकाळी अंगावरून तुटली. आई तिला शेळीचे दूध पाणी घालून चिंधीने पाजू लागली. ती अर्धे ओकून टाकी. रात्रभर दादा तिला खांद्यावर घेऊन तबेल्यात फिरे, घोड्यांच्या उबेने तरी झोपेल म्हणून. तिला आई हवी होती, आणि आई शंभर पावलांवर होती.

वहिनी दुपारी मालकांच्या नातवाला घेऊन मागच्या अंगणात येई. एकदा मी कुडाशी शिंगराला चंदी देत होतो. ती पलीकडे येऊन उभी राहिली. शिंगराकडे बराच वेळ पाहून म्हणाली, "भावजी, याचं मालकांना सांगितलंत. माझ्या पोरीचंही सांगा की."

मी त्याच संध्याकाळी गेलो. या वेळी घुटमळलो नाही. ओटीवर मालक आणि बाई दोघेही होते. मी म्हणालो, मूल जवळ असले तर वहिनीचा जीव थाऱ्यावर राहील, ती जेवेल, दूधही नीट येईल. एकदम तोडल्याने काय होते ते आपण घोडीत पाहिलेच आहे. दोन्ही मुलांना पुरेल एवढे दूध तिला आहे. हे शेवटचे वाक्य बोलताना माझे कान तापले, कारण असल्या गोष्टी मी कधी कोणापुढे बोललो नव्हतो.

बाई म्हणाल्या, "पुरेल की नाही ते तू मोजणार का?"

मालक मात्र विचारात पडले. मग त्यांचा चेहरा उजळला, एखादे कोडे सुटल्यासारखा. "अगं, त्याचं म्हणणं बरोबर आहे," ते बाईंना म्हणाले. "कूड घातलेला आहेच. दुपारी याच्या आईने पोरीला पलीकडे आणावं. ही इकडून बघेल. जीव थाऱ्यावर राहील, आणि दूधही वाटलं जाणार नाही." आणि माझ्याकडे वळून, "झालं ना तुझ्या मनासारखं?"

मी हो म्हणालो असेन. वहिनीला जाऊन सांगितले तेव्हा ती एवढेच म्हणाली, "पलीकडून?"

दुसऱ्या दिवशी आई मुलीला घेऊन कुडापाशी गेली. वहिनीने फटीतून दोन बोटे घातली. मुलीने ती धरून तोंडात घातली, चोखली, आणि काही येईना तेव्हा टाहो फोडला. वहिनीची चोळी भिजली. धारा पदरावर उतरल्या. बाई मागच्या दारात उभ्या होत्या, त्यांनी ते पाहिले. त्यांनी लगबगीने नातवाला आणून तिथेच, उभ्या उभ्याच, वहिनीच्या छातीशी दिला. तो गटागटा प्यायला. त्याने इतके दूध आजवर घेतले नव्हते.

त्या दिवसापासून हा नेम झाला. दुपार झाली की बाई आमच्याकडे माणूस पाठवत. मुलगी रडली की पान्हा फुटे आणि नातू पोटभर पिई. तो दिसामाशी गुबगुबीत होऊ लागला. पण लहान मुलांचे काही सांगता येत नाही. काही दुपारी आमची मुलगी कुडापाशी आली की रडत नसे. आईला पाहून हसे, किंवा अशक्तपणाने आजीच्या खांद्यावर झोपून जाई. तेव्हा दारातून बाई म्हणत, "जागी करा तिला."

आईने तिच्या तळपायाला चिमटा घेतलेला मी पाहिला. आईने मला पाहिले आणि तोंड फिरवले. घरी आल्यावर मी बोलायला गेलो तर म्हणाली, "तुझ्या दादाचं काम, हे घर, तुझं शिक्षण, सगळं त्या दारात उभं आहे. मी काय करू ते तू सांग. पुस्तकात असेल तर वाचून दाखव."

मी पुन्हा मालकांकडे गेलो. म्हणालो, हे थांबवा, पोरगी वाळत चालली आहे. निदान दिवसातून एकदा तिला अंगावर घेऊ द्या. मालक रागावले नाहीत. शिंगराचे उरकले तशी त्यांना माझ्याविषयी माया वाटू लागली होती. "अरे, तूच दाखवलंस ना?" ते म्हणाले. "आता चाललंय तर मोडतोस कशाला? जा, अभ्यास कर. परीक्षेत पहिला ये."

वहिनीने मात्र कुडाशी येणे सोडले नाही. न येण्याची तिला मुभा होती असे मला वाटते, पण मग मुलगी दिसली नसती. ती फटीतून बोटे घाली, मुलगी चोखे, रडे, आणि नातू पिई. सुटी संपली. निघताना मी कुडापाशी जाऊन वहिनीला नमस्कार केला. तिने पोर सांभाळा असे सांगितले नाही. सांभाळणाऱ्यांत मी नव्हतो, हे तिला माहीत होते.

मुंबईला पावसाळा गेला, दिवाळीही अभ्यासापायी तिथेच गेली. माजिवड्याचे कोणी भेटले की मी मुलीचे विचारी. बरी आहे, असे उत्तर येई. परीक्षा झाली. त्यानंतर थोड्या दिवसांनी खालून हाक आली म्हणून गेलो, तर दादा रस्त्यात उभा. हातात त्या शिंगराचा कासरा. ते आता शिंगरू राहिले नव्हते. छाती भरली होती, कातडी चमकत होती. मालकांनी त्याला भायखळ्याला विकले होते आणि दादा पोचवायला आला होता.

"वाटेत त्रास दिला का?" मी विचारले.

"नाही. शहाणं आहे. कोणाच्याही मागे येतं."

मी मुलीचे विचारले. दादा कासऱ्याची गाठ सोडू लागला, पुन्हा बांधू लागला. मग म्हणाला, ती श्रावणातच गेली. हगवण लागली होती. परीक्षेआधी तुला कळू नये असे आईने सगळ्यांना बजावले होते.

"आणि वहिनी?"

वहिनीलाही सांगितले नव्हते. दूध आटेल म्हणून बाईंनी सांगू दिले नाही. आमच्या शेजारी मिठागरावर राबणारी एक बाई होती, तिचे तान्हे पोर आईने दुसऱ्या दिवसापासून कुडापाशी न्यायला सुरुवात केली. आमच्या मुलीच्या दुपट्यात गुंडाळून, तोंड खांद्याकडे करून. ते रडे. पान्हा फुटे.

मी विचारले, तिला कळलेच नाही का.

"पहिल्याच दिवशी कळलं," दादा म्हणाला. "आवाजावरून. पण बोलली नाही. गेल्या महिन्यात एकदा कुडाच्या फटीतून आईला विचारलं, कुठे ठेवली म्हणून. आई म्हणाली, खाडीच्या बांधाला, करंजाखाली. मग आतून बाईंची हाक आली, आणि ती पाजायला गेली."