मार्गारेटचा बूट आणि थांबलेली चाल

“वाजवतोस सुंदर,” मार्गारेट धापा टाकत म्हणाली, “पण यावर नाचता येत नाही.”

इंग्लंडमधल्या रीडिंग गावात, एका चर्च हॉलमध्ये आठ जण घामाघूम होऊन माझ्याकडे बघत होते. सगळे पन्नाशीच्या पुढचे. पायांत क्लॉग, म्हणजे जाड लाकडी तळव्याचे, खाली लोखंडी पट्ट्या ठोकलेले बूट. ते घालून दोन रांगांत नाचायचं, हा मॉरिस डान्स या इंग्लिश लोकनृत्याचा उत्तरेकडचा, गिरण्यांच्या गावांतला प्रकार. मार्गारेट या ग्रुपची प्रमुख. रिटायर्ड नर्स.

मी पुण्यात ऑर्केस्ट्रात अ‍ॅकॉर्डियन वाजवायचो. बायकोला इथे सॉफ्टवेअरमध्ये नोकरी लागली म्हणून आलो आणि बरेच महिने घरीच बसलो. मग या ग्रुपच्या वादकाचं, जिमचं, मनगट मोडलं आणि लायब्ररीच्या बोर्डवरची माझी जाहिरात मार्गारेटनं वाचली. शनिवारी टाऊन सेंटरमध्ये कार्यक्रम होता. इथलं माझं पहिलंच काम, आणि तेही हातचं जाणार असं दिसत होतं.

“मी नोटेशनप्रमाणेच वाजवलं,” मी म्हणालो.

“सीडीसुद्धा तसंच वाजवते. तीही लावून पाहिली. कीथ हवेत असतानाच पुढची बीट येते.”

कीथ म्हणजे ग्रुपमधला सगळ्यांत आडदांड गडी. “मला खाली यायला जरा वेळ लागतो,” तो ओशाळून म्हणाला.

प्लास्टरमधला हात सांभाळत जिम खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसला. तो मेलोडियन वाजवायचा. मेलोडियन म्हणजे बटणांचा छोटा अ‍ॅकॉर्डियन. त्यात भाता दाबला की एक सूर आणि तेच बटण धरून ओढला की दुसरा. त्यामुळे भाता सारखा आत-बाहेर होतो, सुरांना झटका मिळतो आणि त्या झटक्यावर पाय उचलतात. माझ्या अ‍ॅकॉर्डियनला दोन्हीकडे एकच सूर. मी सिनेमाच्या गाण्यांसारखा भाता लांबलचक ओढत होतो.

“भाता ठेक्यावर उलटव,” जिम म्हणाला. “आणि कीबोर्डकडे बघू नकोस. कीथच्या गुडघ्यांकडे बघ. गुडघे वाकले की तो उतरला. मग बीट दे.”

एवढी वर्षं वाजवून आता गुडघे बघायचे! पण बघितले. खांदा भरून आला, पण पाय आणि चाल एकत्र पडायला लागले.

“शनिवारी वेळेवर ये,” मार्गारेट म्हणाली. बस, तेवढंच.

शनिवारी गर्दी चांगली होती. तिसरा डान्स रंगात आला आणि मार्गारेटच्या बुटाचा पट्टा तुटला. बूट उडाला तो थेट फळांच्या स्टॉलखाली. चालीचा पहिला भाग संपत आला होता. दुसऱ्या भागात दोन्ही रांगा एकमेकींतून आरपार जातात. तेवढ्या लोखंडी पट्ट्यांमध्ये मार्गारेटचा एक पाय नुसत्या मोज्यात! वाजवणं थांबवलं तर सगळे एकमेकांवर आदळणार.

मी पुन्हा पहिल्या भागावर आलो. तो जागेवरच नाचायचा भाग, म्हणून बाकीचे सात जण तिथेच नाचत राहिले. मार्गारेट लंगडी घालत स्टॉलकडे गेली.

“तुमचाच ना हा, लव्ह?” इथे कुणालाही लव्ह म्हणतात, तसं म्हणत स्टॉलवाल्यानं बूट पुढे केला.

तिनं हातातल्या नाचाच्या रुमालानं तो पायाला बांधायला घेतला. मी तोच भाग पुन्हा वाजवला. आणि पुन्हा. कीथ टोमॅटोसारखा लाल झाला होता.

“मार्गारेट, आवर!” तो ओरडला.

ती रांगेत आली, तिनं मान हलवली आणि मी दुसरा भाग सुरू केला. रांगा आरपार गेल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, हे ठरवूनच केलंय.

नंतर पबमध्ये जिमनं विचारलं, “किती वेळा फिरवलास तो भाग?”

“मोजलं नाही.”

“मी मोजलं,” कीथ म्हणाला आणि ग्लास संपवूनच पुढे बोलला. “पुढच्या वेळी तिला दोन्ही बूट आधीच रुमालानं बांधायला लाव.”

जिमचं प्लास्टर निघालं, तो परत आला, पण मार्गारेटनं मलाही ठेवून घेतलं. साथ करणाऱ्यानं नजर वाद्यावर ठेवू नये, हे तेव्हापासून मी माझ्याकडे अ‍ॅकॉर्डियन शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. वाद्य गळ्यातच असतं, कुठे जात नाही. नाचणाऱ्यांचा नेम नसतो.