एका बोटीच्या दोन पाट्या

मीटरकाकांनी चौतीस वर्षं लोकांच्या घरचे विजेचे मीटर वाचले. जिन्याखालचे, न्हाणीघरामागचे, कपाटाआड गाडले गेलेले, कुत्र्याच्या बरोबर डोक्यावर टांगलेले. एवढ्या वर्षांत आपण एकही आकडा चुकीचा वाचला नाही, असं ते सांगत. खात्यातल्या कुणी ते कधी खोडून काढलं नाही, आणि खात्यातल्या माणसांना एकमेकांचं बोलणं खोडून काढायला किती आवडतं हे पाहता हा पुरावा बळकटच म्हणायचा.

निवृत्तीनंतर इतरांचे हात शिवशिवतात, काकांचे डोळे शिवशिवू लागले. कुणाकडे बसायला गेले की यजमान पाणी आणेपर्यंत ते फ्रिजच्या मागे डोकावून येत. "तुमचा सात-चार-शून्यनं सुरू होतो," असं गंभीर चेहऱ्यानं सांगत, आणि यजमानांना उगाचच वाटे की तपासणीत काहीतरी निघालं.

काकू औषधाच्या दुकानात होत्या. गिऱ्हाइकाशी त्याच्या सुनेबद्दल बोलता बोलता साठ गोळ्या मोजून पुडीत घालायच्या, आणि घरी जाऊन कुणी मोजल्या तर साठच भरायच्या. अशा दोन अचूक माणसांच्या संसारात भांडणं फार होत नाहीत. झालीच तर निकाल लागेपर्यंत चालतात.

काकूंची थोरली बहीण, ताई, जलाशयाच्या पलीकडच्या काठावर राहायची. हवा स्वच्छ असली की तिच्या घराचं छप्पर इकडून दिसे. रस्त्यानं मात्र डोंगराला वळसा घालून तीन तास, आणि वळणं अशी की काकूंच्या पोटात काही टिकत नसे. वळणं एकूण किती हे त्यांना ठाऊक नव्हतं. एक्केचाळिसाव्यानंतर मोजण्याच्या स्थितीत त्या कधी राहिल्याच नव्हत्या. दोन वर्षं दोघी बहिणी फोनवरच भेटत होत्या. मग एक दिवस ताईचा फोन आला. मुलगा घर विकून तिला आपल्या शहरात नेणार होता. ते शहर फार लांब, आणि ताईचं वय पाहता परत येणं होईल असं कुणीच म्हणत नव्हतं. महिनाअखेरचा रविवार ठरला होता.

तिसऱ्या दिवशी काका बाहेरून आले आणि चपला काढता काढता म्हणाले, "घेतली."

"काय घेतलं?"

"बोट. वापरलेली आहे, पण मोटारीची. पाण्यावरून सरळ जायचं ताईकडे, वळण म्हणून नाही."

"मला विचारायचं तरी!"

"विचारलं असतं तर महिना त्यातच गेला असता."

बोट एका दातांच्या डॉक्टरांची होती. एके काळी पांढरी असावी. मधल्या पेटीत आठ सिलिंडरचं इंजिन, आणि पाठीमागे बाहेरच्या अंगाला, पाण्यात सोडलेल्या पायासारखा ड्राइव्ह. इंजिनाची ताकद या पायातल्या गिअरमधून खालच्या पंख्यापर्यंत जाते आणि पंखा बोट ढकलतो, एवढं काकांनी विकत घेण्यापूर्वी वाचलं होतं. पेटी उघडल्याबरोबर त्यांना इंजिनावरची पाटी दिसली. तेरा आकडी नंबर! तो त्यांनी वहीत उतरवला आणि दोनदा ताडून पाहिला. सौदा त्यांच्या दृष्टीनं तिथेच पक्का झाला.

पहिल्याच फेरीत बोटीनं आपले गुण दाखवले. इंजिन छतावरून पत्रे ओढावेत तसं किंचाळलं, त्याच्या फेऱ्यांचा काटा लाल पट्ट्यात गेला, आणि बोट नाक वर, शेपूट पाण्यात अशी डुलत, रखडत निघाली. अर्ध्या वाटेवर काकू कठड्यावरून बाहेर वाकल्या. बोट मागे फिरवावी लागली.

"त्यापेक्षा रस्ता बरा," धक्क्यावर बसून त्या म्हणाल्या. "तिथे निदान गाडी थांबवून झाडाला धरता येतं."

काकांचं निदान तयार होतं. इंजिन कमी पडतंय, मोठं बसवायचं. ते घेऊन ते वहिनींकडे गेले. काठावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये वहिनींचा बोटदुरुस्तीचा कारखाना होता. त्यांचे यजमान बोटींची आच्छादनं शिवायचे आणि त्या इंजिनं उघडायच्या. त्यांच्याहून वीस वर्षांनी मोठी माणसंही त्यांना वहिनीच म्हणत, आणि त्या ओठांत स्क्रू धरूनच सगळ्यांशी बोलत.

वहिनींनी बोट पाण्यात एकदा फिरवून आणली. "इंजिन ठणठणीत आहे, काका. मोठं कशाला हवंय? सायकलचा सगळ्यात हलका गिअर टाकून सपाट रस्त्यावर पळवल्यासारखं चाललंय. पाय गरागरा, सायकल जिथल्या तिथे. जास्त पाणी कापणारा पंखा लावून बघू. या कागदावर इंजिनाचा आणि ड्राइव्हचा नंबर लिहून द्या, मी मागवते."

कागदावर दोन चौकोन होते. काकांनी वही न उघडता तेरा आकडे पहिल्या चौकोनात लिहिले. मग तेच तेरा दुसऱ्या चौकोनात, पहिल्यापेक्षाही सुबक. हयातभर त्यांनी एका घराला एकच मीटर पाहिला होता. बोट एक, तर नंबर दोन कशाला असतील?

पंखा नऊ दिवसांनी आला. तो मंगळवार होता, आणि ताई रविवारी निघणार होती. वहिनींनी जुना पंखा उतरवला, नवा दांड्यावर सरकवायला गेल्या आणि तो सरकेना. पंख्याच्या भोकात पंधरा खाचा, दांड्यावर तेरा दाते.

"चुकीचा पाठवलाय," काका म्हणाले.

वहिनींनी खोका फिरवून दाखवला. "तुमच्या नंबरला हाच लागतो. पंखा बरोबर आहे."

"नंबरही बरोबर आहे."

"मग चुकलं कोण?"

काकांनी खोक्यावरचा नंबर पुन्हा एकदा ताडून पाहिला. "दांडा," ते म्हणाले.

वहिनींनी ओठांतला स्क्रू काढून खिशात ठेवला. तो त्या क्वचितच काढत. "दांडा ज्या ड्राइव्हचा, त्याची पाटी वाचलीत ना तुम्ही?"

"वाचली की."

"दाखवा बरं कुठे आहे."

काकांनी बोट दाखवलं ते इंजिनाकडे.

नेमक्या त्याच वेळी काकू शेडमध्ये आल्या. रविवारपर्यंत होणार की नाही, हे घरी बसून कळणार नव्हतं म्हणून विचारायला आल्या होत्या. वहिनींनी त्यांना बोटीमागे पालथ्या बादलीवर बसवलं, जुना पंखा परत चढवला आणि त्याच्या एका पात्यावर खडूची खूण केली. मग प्लग काढून ठेवले, म्हणजे इंजिन हातानं फिरेल, आणि काकांच्या हातात लांब पाना दिला.

"काका, इंजिन बरोबर सहा वेळा फिरवा. काकू, खूण वर आली की मोजा. तुमचा नंबर दोन्हीकडचा असेल, म्हणजे ड्राइव्ह याच इंजिनाच्या जोडीचा असेल, तर सहाला पंख्याचे चार फेरे व्हायला हवेत."

काका फिरवत गेले. सहा झाले. मागून आवाज आला, "तीन."

"चार असतील," काका म्हणाले.

"तीन."

"एखादी खूण निसटली असेल नजरेतून."

'पाकिटात एक गोळी कमी निघाली' म्हणत दुकानात परत आलेल्या गिऱ्हाइकाकडे काकू जशा बघायच्या, तशा त्यांनी नवऱ्याकडे बघितलं. "फिरवा पुन्हा."

पुन्हा तीन. मग काकांच्या आग्रहाखातर तिसऱ्यांदा. "तीन. आणखी फिरवायचं तर फिरवा, हात तुमचे दुखतील."

वहिनी चिंधी आणि थिनर घेऊन ड्राइव्हची कूस घासू लागल्या. रंगाचे चार थर निघाले, प्रत्येक निराळ्या मालकाच्या आवडीचा, आणि खालून करंगळीएवढी पाटी वर आली. काकांनी चष्मा पुसला. आठ आकडे वाचले. तेराशी त्यांचं दूरचंही नातं नव्हतं. शेजारी छोट्या अक्षरात कोरलं होतं: दोनास एक. म्हणजे इंजिनाच्या दोन फेऱ्यांना पंख्याचा एक.

"हा चार सिलिंडरच्या इंजिनाचा पाय आहे," वहिनी म्हणाल्या. "कुणीतरी इंजिन मोठं घातलं आणि पाय जुनाच ठेवला. त्या डॉक्टरांनासुद्धा माहीत नसेल."

काका पाटीकडे बघत उभे राहिले. "मी वाचलेला नंबर बरोबर होता."

"हो, काका."

"पण एकच वाचला."

"हो, काका. मीही मागे वाकून बघायला हवं होतं. पण तुमचं ते अक्षर बघितलं आणि वाटलं, हा माणूस कसला चुकतोय."

हे सांत्वन होतं की टोमणा, यावर काका अजून विचार करत आहेत. काकूंना तेवढा वेळ नव्हता. "रविवारपर्यंत होईल का, तेवढं सांगा."

शेडच्या मागे तळ फुटलेली एक बोट गवतात पडून होती. इंजिन काकांच्या बोटीसारखंच. तिचा ड्राइव्ह शाबूत होता, पण तो खरोखर तिचाच कशावरून? काका स्वतः खडीवर उताणे झोपले, पाटी वाचली, आकड्यांवरून बोट फिरवलं. मग वहिनींना वाचायला लावली. मग काकूंना. त्यानंतर, कुणी सांगितलं नसताना, खडू मागून घेतला. सहाला चार. मंगळवारपासून शनिवारपर्यंत जुना पाय उतरला, नवा चढला, त्याची सीलं बदलली, तेल भरलं आणि पंधरा खाचांचा पंखा लोण्यात सुरी जावी तसा दांड्यावर बसला. या काळात काका पाने हातात देत होते. प्रत्येक पाना देण्याआधी त्याच्यावरचा आकडा मोठ्यानं वाचत होते, आणि वहिनी ते सहन करत होत्या.

रविवारी पहाटे दोघं निघाली. थोडं पाणी मागे पडलं आणि बोट शेपटासकट पाण्यावर उठली. नाक खाली आलं, डुलणं थांबलं, काटा लाल पट्ट्याच्या पुष्कळ अलीकडे स्थिर झाला. काकूंनी कठडा धरला होता तो सोडला. बत्तीस मिनिटांत त्या ताईच्या दारात होत्या.

घर रिकामं झालं होतं. बहिणी फरशीवर बसल्या आणि पहिल्या दहा मिनिटांत, आईचा आरसा कुणी फोडला यावरून भांडल्या. दोन वर्षं हे फोनवर जमलं नव्हतं. ताईलाही वळणं सोसत नसत. म्हणून ठरलं असं, की मुलानं सामान घेऊन रस्त्यानं यायचं आणि ताईला काकांनी पाण्यावरून अलीकडे आणायचं. पुढचा रस्ता सरळ होता. मुलगा गेल्यावर दोघींना दोन-अडीच तास मिळाले. मग त्याचा फोन आला, मी पोचतोच आहे, निघा.

बोटीत काका कौतुकाची वाट पाहत होते. ड्राइव्हबद्दल कुणी काही विचारेल म्हणून त्यांनी दोन वाक्यं मनात जुळवून ठेवली होती. मागे दोघींचं बोलणं एकदाही थांबलं नाही. पाणी, वेग, सपाट चालणारी बोट, कशाकडे त्यांचं लक्ष नव्हतं. धक्का जवळ आला, काकांनी वेग कमी केला, तेव्हा ताईनं मान वर केली.

"आलो पण?"

काकू क्षणभर धक्क्याकडे बघत राहिल्या. "अहो," त्या म्हणाल्या, "गाडी अजून आली नाहीये. एक चक्कर मारा ना."

काकांनी बोट वळवली. एक चक्कर झाली, मग आणखी एक. तिसऱ्या वेळी धक्क्याशी गाडी उभी दिसली आणि तिचा हॉर्न पाण्यावरून आला, आधी एकदा, मग लांबलचक. मागच्या बाकावर इंजिनाच्या आवाजात तो पोचला नाही. पुढे बसलेल्या काकांना स्वच्छ ऐकू आला. त्यांनी मागे वळून दोघींकडे पाहिलं आणि बोट पुन्हा मोकळ्या पाण्याकडे घेतली.